पाच विती

सहावीच्या सायन्सच्या तासाला ईश्वरीने कशफला भिंतीला टेकवून उभं केलं आणि टाचेपासून डोक्यापर्यंत विती मोजल्या. नऊ भरल्या. मग टीचरांनी स्वतःच्या हाताने मोजलं, तर साडेसहाच. वर्ग हसला. टीचर म्हणाल्या, वीत म्हणजे पक्कं माप नव्हे. हात कोणाचा होता तेही सोबत सांगावं लागतं. मग घरचा अभ्यास दिला: घरातली तीन माणसं मोजून आणा. तक्त्याला तीन रकाने. नाव, विती, कोणाचा हात.

कशफ मुरुडच्या सिद्दींची. रंग गडद काळा, केस दाट कुरळे. शारजातले दुकानदार तिला सुदानी समजून अरबीत बोलत, आणि मराठी माणसं तिच्यासमोर बिनधास्त मराठीत बोलत. अल मजाज भागातल्या त्यांच्या इमारतीत एकदा लिफ्टमध्ये दोन बायका तिच्या केसांत कंगवा कसा शिरत असेल यावर चर्चा करत होत्या. आपला मजला आल्यावर कशफ बाहेर पडता पडता म्हणाली, "मावशी, खोबरेल लावलं की शिरतो." हा किस्सा ईश्वरी शाळेत पुन्हा पुन्हा सांगे, आणि दर वेळी लिफ्टमधल्या बायका वाढत.

त्या दिवसांत मुरुडहून दादी आली होती. जहांआरा तिचं नाव, वय अठ्ठ्याहत्तर. गेल्या वर्षी तिच्या मेंदूला झटका येऊन गेला होता; पाय सावरले, पण शब्द मध्येच हातचे सुटत. व्हिसा साठ दिवसांचा, त्यातले नऊ उरले होते. अब्बा, म्हणजे खैरुद्दीन, रोज विचारत, अम्मा, चल, खाली खाडीवर नेतो. दादी म्हणे, "आत्ता नको. आधी मला आठवू दे." काय आठवायचंय ते मात्र सांगत नसे.

त्या संध्याकाळी अम्मी दवाखान्यात ड्यूटीवर होती. कशफने धाकट्या बानूला दाराच्या चौकटीला उभं केलं. बानू सहा वर्षांची, तिला गुदगुल्या होत होत्या. कशफ मोजू लागली. एक, दोन, तीन, चार, पाच...

दादी तांदूळ निवडत होती. ताट कधी पडलं आणि ती कधी उठली ते कशफला कळलंच नाही. दादीने तिचं मनगट असं धरलं की बोटांचे वळ उठले.

"पोरीला वितीने मोजायचं नसतं," दादी म्हणाली. "आपल्या घरात नाही."

बानू रडू लागली. कशफला राग आला होता, पण दादी बानूचे डोळे पुसायला वाकली तेव्हा तो ओसरला. अब्बा कामावरून आले तेव्हा तिघी फरशीवरचे तांदूळ गोळा करत होत्या, आणि दादी सांगत होती.

दादीची दादी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची. तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला पळवून गलबतात घातलं, ते याच किनाऱ्यावर उतरवलं. पोरांचं वय कोणाला ठाऊक नसे. मग व्यापारी त्यांना काठीला टेकवून वितीने मोजत आणि मापावरून किंमत ठरवत. थोरली सहा विती भरली, धाकटी पाच. पाच वितींची पोर घरकामाला पुरते म्हणून मोती काढणाऱ्या बोटीच्या नाखव्याने तिला इथेच ठेवून घेतलं. सहा वितींच्या पोरीला पुढच्या बंदरात जास्त भाव येई, म्हणून थोरली पुन्हा गलबतात. वाटेत ते गलबत इंग्रजांच्या आगबोटीने पकडलं, पोरं सोडवली आणि मुंबईला नेली. थोरली तिथे वाढली, पुढे मुरुडच्या सिद्दींत तिचं लग्न झालं. तिचं स्वतःचं नाव तीनदा बदललं. धाकटीचं नाव मात्र तिने कोणाला बदलू दिलं नाही. मरताना ते तिने नातीच्या कानात सांगितलं, आणि सोबत एक निरोप. आपल्यातलं कोणी त्या किनाऱ्यावर गेलं, तर तिला नावाने हाक मारा आणि सांगा, थोरली पोहोचली, तू वाट बघू नकोस.

"ती नात म्हणजे तू," कशफ म्हणाली.

"मी. तेव्हा मी बानूएवढी होते. आणि पुढे ते तुझ्या कानात सांगायचं होतं."

दादी कशफच्या कानाशी वाकली. तिचा गरम श्वास कानाला लागला. कशफ वाट पाहत राहिली. श्वास थांबला, पुन्हा आला. मग दादी मागे सरली आणि तांदळातला एक खडा उचलून बोटांत फिरवत बसली.

"झटका आला तेव्हापासून नाही सापडत," ती म्हणाली. "वाटलं, इथली हवा लागली की येईल."

कशफला दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ कॉल आठवला. मला तुला एक गोष्ट सांगायचीय, असं दादी म्हणाली होती आणि कशफने म्हटलं होतं, मग व्हॉइस नोट टाक ना. दादी हसली होती. ही कानात सांगायची गोष्ट आहे बाय, म्हणाली होती. लिहायचीही नाही, कागदावर चढलेलं नाव विकलं जातं. कशफने तेव्हा ओके म्हणून फोन बानूकडे दिला होता. आता ती सारखा तोच क्षण मागेपुढे करून पाहत होती. आणखी एकदा विचारलं असतं तर?

पुढचे दिवस तिने जमेल ते केलं. एकेक अक्षर दादीसमोर म्हणून पाहिलं. इंटरनेटवर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मुलींची नावं शोधून वाचून दाखवली. दादी प्रत्येक नावाला थांबे, डोळे मिटे आणि मान हलवे. एकदा एका नावापाशी ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "नाही. मला हवंय म्हणून हो म्हणू नये."

विमानाच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर अब्बा सगळ्यांना खाली घेऊन गेले. खाडीकाठी सायकली, आइस्क्रीम, कोणाच्या तरी वाढदिवसाचे फुगे. दादी कठड्याशी उभी राहिली. दोनदा तोंड उघडलं. पाणी समोर होतं, निरोप तयार होता. हाक तेवढी नव्हती.

"अब्बा," कशफ म्हणाली, "तुमच्या हाताने पाच विती मोजाल?"

अब्बांनी आईकडे पाहिलं. दादी कठडा सोडून त्यांच्याकडे वळली. त्यांनी दिव्याच्या खांबावर जमिनीपासून वीत ठेवायला सुरुवात केली. बोटीच्या यार्डात काम करणारा रुंद हात. पाचवी वीत संपली तिथे बोट टेकवून ते थांबले. बानू शेजारीच उभी होती. बोट बरोबर तिच्या डोक्याच्या रेषेत आलं होतं.

दादीने बानूला ओढून आपल्यामागे घेतलं.

मग खांबाजवळच्या रिकाम्या जागेकडे ती एक पाऊल गेली. अब्बांचं बोट होतं त्याच उंचीवर हवेत तळवा धरला, जसा पोरीच्या डोक्यावर ठेवतात.

"बाय," ती म्हणाली, "तुझं नाव मी हरवलं. माझी चूक. थोरली पोहोचली. पोरंबाळं झाली तिला. तू वाट बघू नकोस."

सायकलवाला एक मुलगा घंटी वाजवत वळून गेला. अब्बांनी बोट काढलं नव्हतं. दादीचा तळवा खाली येईपर्यंत त्यांनी ते काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर दादीने कशफला जवळ घेतलं, आणि सवयीने तिच्या कानाशी वाकली. मग नुसतंच गालाला गाल लावला.

सोमवारी कशफने वही दिली. पहिल्या ओळीत अब्बा, साडेआठ विती, अम्मीचा हात. दुसरीत अम्मी, सात विती, अब्बांचा हात. तिसऱ्या ओळीत नावाचा रकाना कोरा. विती, पाच. कोणाचा हात, या रकान्यात तिने लिहिलं होतं: माहीत नाही.

वही परत आली तेव्हा कोऱ्या रकान्यात लाल शाईने लिहिलेलं होतं, "नाव?" ईश्वरी म्हणाली, लिहून टाक ना काहीही, नाहीतर एक मार्क जाईल. कशफने पेन्सिल हातात घेतली, थोडा वेळ धरली, आणि वही मिटली.