डांबराचे पंधरा हात

कॅजिटनला आता एकच गोष्ट हवी होती. पहाटे पाच वाजता त्याला कोणी हाक मारू नये. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसानं याहून जास्त काय मागावं? पंधरा वर्षं, रविवार आणि गुड फ्रायडे सोडला तर रोज पहाटे, तो उत्तनहून भाईंदरच्या बाजारात पिकअप नेत होता. मागे मासळीच्या टोपल्या, टोपल्यांना धरून बसलेल्या आठ-दहा बायका, आणि त्या बायकांच्या तोंडी सारा वेळ त्याच्याच गाडी चालवण्यावर टीका. क्लच दाबला की डाव्या गुडघ्यातून कळ निघायची ती थेट कमरेपर्यंत. "आता पुरे झालं," असं तो बायकोला, ॲलिसला, दिवसातून चारदा सांगायचा आणि ॲलिस चारही वेळा म्हणायची, "मग बस की घरी. धरलंय कोणी?"

कोणी धरलं नव्हतं, पण गाडी सोडायची कोणाच्या हातात? ती काय सायकल होती, की दिली शेजारच्याला आणि झालो मोकळे?

एकोणसाठ साली त्यानं ती घेतली तेव्हा गावानं त्याला वेड्यात काढलं होतं. कुर्ल्याच्या बाजूला एका व्यापाऱ्याच्या आवारात मिलिटरीच्या मोडीतल्या तीन पिकअप उभ्या होत्या. एक नव्या हिरव्या रंगाची, झकपक. दुसरीचं इंजिन असं सुरू व्हायचं की ऐकत राहावं. तिसरी लढाईच्या दिवसांतली, एक दिवा फुटलेला, सीट फाटलेली. कॅजिटनला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याचा बाप होडीवाला, आजा होडीवाला. होडी घ्यायची तर माणूस आधी तळ बघतो, रंग आणि शीड मागाहून. तेव्हा हा गडी अंगातला सदरा काढून तिन्ही गाड्यांखाली पाठीवर सरपटला आणि हातोडीनं ठोकत सुटला. व्यापारी हसून हसून बेजार. पण हिरवीचा आवाज भुसभुशीत आला, दुसरीचा मधेच बद्द, आणि तिसरी या टोकापासून त्या टोकापर्यंत खणखणीत वाजली. "ही," तो म्हणाला. आणि खोटं कशाला बोला, निवड अजिबात चुकली नव्हती.

घेतली ती मरेपर्यंत वापरायला. हे त्यानं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं, आणि तसं तिला जपलंही. ऑइल वेळच्या वेळी, स्वतःच्या हातानं. रेडिएटरमध्ये विहिरीचंच गोडं पाणी, एकदासुद्धा खारं नाही. चढावर कधी तिला रडवलं नाही. टोपल्या किती घ्यायच्या ते ठरलेलं. एक जास्त ठेवायला कोणी आली की तो गाडीच सुरू करायचा नाही, बसून राहायचा. बायका शिव्या घालायच्या आणि टोपली उतरवायच्या. भाईंदरातल्या मिठाच्या ट्रकवाल्यांनी तेवढ्या वर्षांत दोन-दोन, तीन-तीन गाड्या भंगारात घातल्या. कॅजिटनची चालतच होती.

लोक विचारायचे, गुपित काय? तो म्हणायचा, डांबर.

पाऊस सरत आला, होड्या पाण्यात ढकलायचे दिवस आले की उत्तनच्या किनाऱ्यावर तळाला हात द्यायची घाई उडते. आधी माशाचं तेल, वर डांबर. कॅजिटन त्याच आठवड्यात, त्याच पिंपातलं डांबर घेऊन गाडीखाली शिरायचा. चासीवर, म्हणजे ज्या दोन लोखंडी पोकळ तुळयांवर गाडीचं सारं ओझं असतं त्यांवर, टोकापासून टोकापर्यंत जाड हात द्यायचा. त्या तुळयांना खालच्या अंगाला लहान लहान भोकं होती. पहिल्याच वर्षी ती त्याच्या नजरेला खुपली. होडीवाल्याला भोक दिसलं की त्याच्या हाताला चैन पडत नाही. त्यानं काथ्या डांबरात बुडवून एकूण एक भोक ठासून बुजवलं. पुढे दरवर्षी चाचपून बघायचा, एखादं सैल झालं असलं तर पुन्हा ठासायचा. पंधरा पावसाळे, डांबराचे पंधरा हात. खालून गाडी अशी काळी कुळकुळीत दिसायची की पाद्रीसुद्धा एकदा वाकून बघून गेले होते.

तर आता गाडी जावयाला द्यायची, असं ठरलं. त्याच्या मुलीचा, बेट्टीचा नवरा फ्रेडी भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश करायचा. दिवसभर चाकासमोर वाकून बसायचं आणि काळी धूळ छातीत घ्यायची. तिशी उलटली नाही तोवर खोकला असा लागला की बेट्टी त्याच्या उशाशी बसून राहायची. कॅजिटननं शब्द दिला, "कारखाना सोड. सोमवारपासून गाडी तुझी." फ्रेडीनं शनिवारी हिशोब केला आणि सुटला. त्याच्या जागेवर दुपारपर्यंत दुसरा माणूस बसलासुद्धा. कारखान्याला काय, हात हवे असतात.

त्याच शनिवारी कॅजिटन गाडी घेऊन काशीगावला नाथाकडे गेला. नाथा रत्नागिरीकडचा, हायवेला पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज, हात सोन्यासारखा. पोरीच्या नवऱ्याला गाडी द्यायची तर मागचे पाटे, म्हणजे मागच्या चाकांवरचे स्प्रिंग, नवे घालून द्यावेत असं कॅजिटनच्या मनात आलं होतं. एवढंच काम होतं. नाथा खाली गेला. पाट्याचा बोल्ट निघेना म्हणून त्यानं हातोडा मारला. दुसरा मारला.

"काका," नाथा म्हणाला, "जरा खाली या."

कॅजिटन कण्हत कण्हत खाली गेला. मागच्या बाजूला, जिथे पाटे अडकवलेले असतात, तिथे हातोडा आत रुतला होता. नाथानं तो ओढून काढला तसं डांबराचं एक जाड साल सुटलं आणि त्यामागून गंजाचे पापुद्रे कॅजिटनच्या छातीवर पडत राहिले. मग थोडं पाणी आलं. काळं, खारं पाणी, कुजक्या मासळीचा वास असलेलं.

"हे भोक कोणी बुजवलं?" नाथानं विचारलं.

"मी."

नाथानं हातोडा बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाला, कारण म्हाताऱ्याला बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं, "होडीत पाणी खालनं येतं, काका. गाडीत वरनं येतं. तुमच्या टोपल्यांतनं बर्फाचं न् मिठाचं पाणी गळतंय, ते फळ्यांतनं चासीत जातंय. ते बाहेर पडायला कंपनीनं भोकं ठेवलेली असतात. तुम्ही आतल्या आत साठवलंत. वरचं डांबर तेवढं उभं आहे, आतलं लोखंड गेलंय. मलाही कधी शंका आली नाही. इतकं चांगलं दिसत होतं की ठोकून बघावं असं वाटलंच नाही."

कॅजिटन पाठीवर पडून राहिला. त्याला राग आला नाही, रडू आलं नाही. उठायचा कंटाळा आला. असं वाटलं की इथंच पडावं आणि कोणी काही विचारू नये.

"दुसरी चासी?"

"या गाडीची आता भंगारातही मिळत नाही."

"मग वेल्डिंग?"

"पत्रा मारीन. पण पत्रा धरायला आत लोखंड पाहिजे ना? मारला तर चालेल. किती चालेल ते मी नाय सांगू शकत. एखाद्या मोठ्या खड्ड्याला पाटा सुटला की गाडी कुशीवर जाणार."

"आणि वर डांबर लावलं तर?"

नाथानं त्याच्याकडे बघितलं आणि हात पुसले. "डांबर लावलं तर दिसणार नाही," तो म्हणाला.

कॅजिटननं पत्रा मारून घेतला नाही आणि नको असंही म्हणाला नाही. रिकामी गाडी चालण्याच्या वेगानं घरी आणली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला त्याचे कान मागे होते. पंधरा वर्षं लोकांनी वाहवा केली आणि पंधरा वर्षं आपण आपल्या हातानं तिला आतून मारत होतो, हे त्याच्या डोक्यातून जाईना. निष्काळजी माणसाची गाडी गेली तर तो निदान म्हणतो, माझं लक्ष नव्हतं. कॅजिटननं काय म्हणावं?

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर फ्रेडी आणि बेट्टी जेवायला आले. जेवणं झाल्यावर त्यानं जावयाला अंगणात नेऊन सगळं सांगितलं. फ्रेडी गाडीला टेकून ऐकत होता. मधेच खोकल्याची उबळ आली, ती जाईपर्यंत कॅजिटन थांबला.

"अजून कोणाला ठाऊक आहे?" फ्रेडीनं विचारलं.

"नाथाला."

"मग मारून घेऊ पत्रा. वर डांबर मारू. मी हळू चालवतो, पप्पा. टोपल्या निम्म्या घेतो." तो खाली बघून बोलत होता. "कारखान्यात आता घेणार नाहीत मला. आणि घेतलं तरी... तुम्ही ऐकताय ना हा खोकला?"

कॅजिटन नाही म्हणू शकला असता तर बरं झालं असतं. "बघू," तो म्हणाला. थकलेल्या माणसाचं हे एक असतं, नाही म्हणायलासुद्धा ताकद लागते. आणि फ्रेडीनं त्या 'बघू'चा अर्थ 'हो' असा घेतला, त्याचाही काही दोष नव्हता.

सोमवारी पहाटे फ्रेडी धुतलेला सदरा घालून आला. बायका टोपल्या घेऊन आल्या. आज पहिल्यांदा जावई चालवणार म्हणून त्यांना चेष्टेला नवा विषय मिळाला होता. "फ्रेडी, वळणावर सांग हां, म्हंजे आम्ही देवाचं नाव घेतो," पलीकडच्या पाड्यातली आनंदी म्हणाली. फ्रेडी हसला. कॅजिटन दारात उभा होता. आता यांना जाऊ द्यावं आणि आपण पुन्हा अंथरुणावर पडावं, एवढंच तर करायचं होतं.

मग ॲलिस चढली. पंधरा वर्षांची तिची जागा ठरलेली होती, मागे डाव्या कोपऱ्यात, बरोबर त्या पाट्याच्या वर. तिनं टोपली पुढ्यात ओढली, पदर खोचला आणि बसली.

कॅजिटन घरात गेला आणि मोठा हातोडा घेऊन आला.

"खाली उतरा," तो म्हणाला. "सगळ्याजणी."

"का रं?"

"गाडी चालायची न्हाय. आतनं कुजलीय."

बायका हसल्या. त्यांचंही खरंच होतं, साऱ्या किनाऱ्यावर या एकाच गाडीची कोणी शपथ घ्यावी अशी तिची ख्याती. "तुजी गाडी कुजली तर आमच्या होड्या तर पार बुडाल्या म्हणायच्या," आनंदी म्हणाली. कोणी जागचं हललं नाही. ॲलिस तेवढी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

त्यानं चाकामागच्या चासीवर हातोडा मारला. डांबर फुटलं. दुसऱ्या घावाला हातोड्याचं तोंड आत गेलं आणि गंजाचा ढीग रस्त्यावर पडला. ॲलिस टोपली सोडून उतरली. तिच्या मागून बाकीच्या उतरल्या आणि वाकून बघू लागल्या. हाताचा पंजा जाईल एवढं भगदाड होतं. हे सगळं मीच केलं, तो म्हणाला, भोकं मीच बुजवली. सगळ्यांसमोर, शब्द न गिळता सांगितलं त्यानं.

मग आनंदी अवघडून म्हणाली, "आजच्या दिस ने, कॅजिटन. मासळी खराब होईल. उद्यापासून बघू कायतरी."

बाकीच्यांनी माना हलवल्या. पहिली एसटी सातची, तोवर बाजार उठायचा. कॅजिटनला याचीच भीती वाटत होती. आजच्या दिवस म्हणायचं, आणि उद्या परत आजच्या दिवस, आणि आपल्या अंगात कोणाशी भांडायचं बळ नाही. गाडी चाकांवर उभी राहिली तर आपण चालवू देणार, हे त्याला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं. ती चाकांवर उभीच राहायला नको.

त्यानं पुन्हा हातोडा उचलला. चासीचा वरचा भाग अजून धरून होता, जुनं चांगलं लोखंड, लवकर तुटेना. चार घाव घातले आणि त्याचा दंड भरून आला. पाचवा नीट बसला नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते तो बाहीनं पुसत होता आणि घाव घालत होता. बायका टोपल्यांशी उभ्या राहून बघत होत्या. ॲलिसनं एकदा "अरं, पुरे," म्हटलं, पण पुढे झाली नाही.

फ्रेडी इतका वेळ गाडीच्या दाराशी उभा होता, किल्ली हातात धरून. त्यानं किल्ली सीटवर टाकली. मागे आला, धुतलेल्या सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि सासऱ्याच्या हातातून हातोडा काढून घेतला.

"तुम्ही बाजूला व्हा, पप्पा," तो म्हणाला. "पाय सापडेल खाली."

आणि मारायला लागला. मधे खोकला आला तेव्हा थांबला, थुंकला, पुन्हा मारायला लागला. कितव्या तरी घावाला पाटा सुटला आणि गाडीचा डावा कोपरा रस्त्यावर बसला.

बायकांनी चुंबळी डोक्यावर ठेवल्या. एकमेकींना टोपल्या उचलून दिल्या आणि भाईंदरच्या रस्त्याला लागल्या, कारण मासळी काही थांबत नाही. ॲलिसची टोपली फ्रेडीनं घेतली. कॅजिटन गुडघा धरून पायरीवर बसला आणि ती सगळी वळणाआड होईपर्यंत जावयाचा खोकला ऐकत राहिला.