बदलीवर

इथे उत्तरेत, विकास नगरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या बालवर्गाला शिक्षिका हवी होती. स्वरदाने नमुन्याचा पाठ घेतानाच वर्ग जिंकला. घरी आईने मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देणारी आमची पोरं तिच्यासमोर “मला सांगू दे, मला सांगू दे” म्हणून ओरडत होती. माझ्या दृष्टीने निवड तिथेच संपली. मधुकररावांच्या दृष्टीने ती सुरूच झाली नव्हती.

मधुकरराव मंडळाचे अध्यक्ष, रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनियर. स्वरदाला बाहेर बसवून त्यांनी शांतपणे चहा घेतला आणि निकाल दिला.

“मुलगी चांगली आहे, पण टिकणार नाही. राहते बख्शी का तालाबला, विमानतळाच्या तळापाशी, म्हणजे नवरा एअर फोर्समध्ये. वर स्वतःच म्हणाली, सोलापूरला कायम बदलीवर होते. नवी बदली आली की ही चालली.”

निवडीला बसलेले आमच्यातले तिसरे जयसिंगराव; त्यांनी सारं आयुष्य फौजेत काढलेलं. ते लगेच मान डोलवायला लागले. ‘बदली’ शब्द ऐकला की आमच्या इथल्या मराठी माणसाला ट्रंका दिसायला लागतात.

माझं डोकंच फिरलं. इतकी चांगली बाई हातची जाणार, आणि तीही एका ‘म्हणजे’पायी!

“हा ‘म्हणजे’ तुम्हाला कोणी दिला, मधुकरराव? बख्शी का तालाबला राहणारा प्रत्येक जण विमानच उडवतो का? तिथे शेतं नाहीत?”

“अरे यार, विभाताई, कॉमन सेन्स आहे!”

“नाही, धरून चालणं आहे. नवरा गेला की तीही जाणार, हे धरलंत. जाणाऱ्या माणसाला घेऊच नये, हेही धरलंत. तुम्हाला रेल्वेने किती गावांतून फिरवलं? हा जाणारच, म्हणून कोणी तुम्हाला पूल बांधण्यापासून अडवलं का?”

जयसिंगराव खो खो हसले. मधुकरराव हसले नाहीत. “मग तुम्ही सांगा ना, नवरा काय करतो तिचा?”

“मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. ती बाहेर बसलीय, आणि आपण इथे तिचं नशीब परस्पर ठरवतोय!”

मीच उठून दार उघडलं आणि तिला आत बोलावलं. मधुकररावांचा अंदाज खरा निघाला असता, तर माझं कोण ऐकणार होतं?

मी विचारलं, “स्वरदा, बदलीवर होते म्हणालीस, म्हणजे नेमकं काय?”

“बदली शिक्षिका, मॅडम. कुणी बाळंतपणाला गेलं, आजारी पडलं, की त्यांच्या वर्गावर मी. त्या परत आल्या की मी घरी.” ती हसली, पण ओशाळून. “कायमची जागा कधी मिळालीच नाही.”

मधुकरराव खुर्चीत सावरून बसले. “अच्छा... आणि मिस्टरांची बदली?”

“त्यांची आंब्याची बाग आहे, सर. झाडांची कुठे बदली होते?”

जयसिंगरावांनी टेबलावर अशी थाप मारली की कप नाचले. मी तर जिंकल्याच्या आनंदात उभीच राहिले. मधुकररावांनी कान पकडला, मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, “सोमवारपासून या, बेटा.”

स्वरदा जागची हलली नाही. तिने हळूच मला विचारलं, “मॅडम, कुणाच्या जागी?”

“कुणाच्याच नाही गं,” मी म्हणाले. “ही तुझीच जागा.”