जेवढं वाटेल तेवढं

तिने सूप तिसऱ्यांदा गाळलं, थेंबभर जिभेवर ठेवून पाहिलं आणि वाटी घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली. दादा खिडकीशी आरामखुर्चीत होता. बसला होता म्हणण्यापेक्षा ठेवल्यासारखा होता. पाठीला एक उशी, आणि हाडं टोचतात म्हणून खाली दुसरी.

“आ कर.”

“चिमणे, आत्ताच तर झालं.”

“आत्ता नाही, सकाळी. आणि तेही सगळं बाहेर आलं.”

त्याने आ केला. चमचा आत गेला, पण घोट खाली उतरेना. तो गालात धरून दादा बराच वेळ बाहेर बघत राहिला. मग रुमालात थुंकून, तिच्याकडे न बघता म्हणाला, “चव मात्र झकास आहे हं.”

तीस वर्षं त्याने लोकांची बिऱ्हाडं हलवली होती. कपाटं, शिवणयंत्रं, लोखंडी पलंग. एकदा तर पाठीला पट्टा बांधून दोघांच्या मदतीने आख्खा पियानो चौथ्या मजल्यावर चढवला आणि वर पोचल्यावर घाम पुसत मालकिणीला म्हणाला होता, “आता वाजवून दाखवल्याशिवाय मी काही जात नाही.” त्याच पाठीला साबण लावताना हल्ली बहिणीची बोटं मणक्यांवर अडखळत. दंडाभोवती तिचा अंगठा आणि मधलं बोट सहज जुळे. स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात पसरल्याचं कळून तीनच महिने झाले होते.

ती कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण होती. तीनशे माणसं रोज तिच्या हातचं जेवत. मीठ जास्त पडो, भात खाली लागो, तिच्याकडे इलाज असायचाच. तिला चिमणी म्हणणारा दादा एकटा. तिचा ऐसपैस देह बघून बाकीच्यांना ते नाव ऐकताच हसू फुटे, तिलाही फुटे. आता ती रजा टाकून घरी बसली होती आणि एका माणसाचं पोट तिला भरता येत नव्हतं. अंडी फेटून झाली, दुधात पावडरी घालून झाल्या, गोडीने, रागाने, रडूनही झालं. दर वेळी काय दिलं आणि किती पोटात राहिलं, ते ती वहीत लिहून ठेवी.

गुरुवारी शेजारच्या काकूंना दादाजवळ बसवून ती वही घेऊन इस्पितळात गेली. आहारतज्ज्ञ बाईंनी वही शेवटच्या पानापर्यंत वाचली.

“मला फक्त एवढं सांगा,” ती म्हणाली, “माझं चुकतंय कुठे?”

“काहीच चुकत नाहीये तुमचं.”

“असं कसं? घातलेलं अंगी लागत नाही, म्हणजे काहीतरी चुकत असणारच.”

बाईंनी वही हळूच तिच्याकडे सरकवली. “या आजारात शरीर स्वतःचेच स्नायू जाळतं. या टप्प्यावर वरून कितीही घातलं तरी ते भरून निघत नाही. भूकही आजारानेच मारलीय, ते हट्ट करत नाहीयेत. आता त्यांना वाटेल तेवढंच द्या. ओठ ओले ठेवा, जवळ बसा. मागे लागू नका.”

तिला चूक निघायला हवी होती. चूक सुधारता आली असती.

ती घरी आल्यावर काकू उठून गेल्या. तिने चप्पल काढली, हातपाय धुतले आणि ती स्टूल ओढून दादाजवळ बसली. एक वाजला. दीड वाजला. दादाने स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघितलं, मग पुन्हा बघितलं.

“आज काही केलं नाहीस?”

“तुला नको असतं ना.”

“नको असतं,” तो म्हणाला. “पण तू करतेस.”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“काय म्हणाल्या बाई?”

“म्हणाल्या, जेवढं वाटेल तेवढं. उगाच मागे लागू नका.”

दादाने सावकाश मान हलवली. जिना अरुंद आहे, कपाट वर जायचं नाही, असं कुणी सांगितलं की हलवायचा तशी. मग मांडीवरची चादर त्याने सारखी केली, सारखी होती तरी.

“बटाटा उकडतेस एखादा?” थोड्या वेळाने तो म्हणाला.

“खाशील?”

“खाईन की. न खायला काय झालं?”

तिने बटाटा उकडला, लोणी घालून लोण्यासारखाच मऊ कुस्करला. आज चमचा त्याने स्वतःच्या हातात मागून घेतला. पहिला घास गेला. दुसऱ्याला त्याच्या गळ्याची शीर ताठ झाली आणि डोळ्यांत पाणी आलं.

“राहू दे, दादा. पुरे.” तिने वाटीला हात घातला.

त्याने वाटी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

“थांब गं,” तो म्हणाला. “जातंय.”

तिने हात मागे घेतला. घे म्हणावं की नको म्हणावं, तिला कळेना. ती नुसती त्याच्या गळ्याकडे बघत बसली.