खाऊन राहिली

सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं तसं किसनरावांनी सुनेला उभं केलं. तिच्यासमोर उभी राहिली पार्बताबाई, शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी. नवरा मेला तेव्हा गावानंच तिला जगवलं होतं. कधीतरी त्या उपकाराखालून मान वर काढावी, गावाचं काही भलं करावं, एवढ्यासाठी तिला निवडून यायचं होतं. आणि ती येणार, हे किसनरावांनाही कळून चुकलं होतं.

पारावरच्या सभेत तिनं हात जोडले. "माह्या घरी चूल पेटत नव्हती तवा तुमी मले घास देल्ला. आजवर तुमचंच खाऊन राहिली मी. आता फेडू द्या मले."

किसनरावांचा पोरगा विपुल अमरावतीत लग्नांचे व्हिडिओ करायचा. नवरीचं रडणं ठेवायचं कुठं आणि कापायचं कुठं, हे त्या दिवट्याला पक्कं ठाऊक. त्यानं मागचं-पुढचं उडवलं, खिचडीचं पातेलं दाखवलं आणि ढोलकी लावली. "तुमचंच खाऊन राहिली मी. खाऊन राहिली. खाऊन राहिली." अकोल्यापर्यंत रील फिरली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत वाढायला गेली तर पोरांची अख्खी पंगत त्याच ठेक्यावर ताटल्या वाजवत होती. यातल्या एकालाही तिनं कधी अर्धपोटी उठू दिलं नव्हतं. पार्बताबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिची रील बनवायला भाचा होता, शिवम. तो म्हणाला, "मावशी, तू सोता सांगशीन तं कोनी पाहनार नाही. साक्षीदार पायजे. चतुराआजीले घेऊ."

चतुराबाई गावातली सगळ्यात म्हातारी, आणि पार्बताबाईनं सगळ्यात जास्त भाकरी खाल्ल्या त्या तिच्याच ओट्यावर. मोबाईल समोर येताच म्हातारीनं पदर सावरला आणि जीव तोडून साक्ष दिली.

"खाल्लं न तिनं. खोटं काहून बोलू? माह्या घरचं खाल्लं, साऱ्याइच्या घरचं खाल्लं. माह्या लेकराच्या ताटातलंबी खाल्लं."

शिवमला वाटलं, झकास झालं. त्यानं तसंच टाकून दिलं. विपुलनं ते उचललं आणि वर फक्त 'तिच्याच माणसाची कबुली' असं लिहिलं. या खेपेस त्याला काही कापावंही लागलं नाही.

पार्बताबाई पडली, अनामत गमावून पडली. शाळेनंही तिच्या हातातला झारा काढून घेतला. ती चतुराबाईच्या ओट्यावर जाऊन बसली.

"सारं गाव फिरलं, माय. तुयं एक मत तं मले पडलं असंन न?"

म्हातारी ओशाळली. "नाही वं बाई. नातवानं मोबाईलवर घडी घडी दाखवलं मले. मीच सांगून राहिली होती न त्याच्यात, तू साऱ्याइचं खाल्लं म्हून. मंग कसं देऊ मत?"

असं म्हणून तिनं भाकरीचं ताट पार्बताबाईपुढं सरकवलं.