अभ्र्याची उलट बाजू

भावजयीनं दोरा दातानं तोडला, उशीचा अभ्रा खिडकीच्या उजेडात धरला आणि शिवणीवरून बोट फिरवलं. कुठं गाठ नाही, कुठं चुणी नाही.

"आता बघ म्हणावं," ती पुटपुटली.

"कुणाला?" नवऱ्यानं वर्तमानपत्राआडून विचारलं.

"तुमच्या ताईंना. वाढदिवसाची भेट आहे."

"परत? गेल्या वर्षी एवढी शोभा झाली तरी?"

"म्हणूनच."

गेल्या वर्षी ती नुकती सुई धरायला शिकली होती. बोटांची चाळण करून घेत तिनं नणंदेसाठी कापडी पिशवी शिवली. नणंद शिवणकामात पटाईत. तिनं पिशवीची पुढची बाजू धड पाहिलीसुद्धा नाही. थेट आतली बाजू बाहेर काढली आणि भरल्या खोलीत म्हणाली, "अगं बाई, ही शिवण आहे की कोंबडी नाचून गेलीय?" मग पिशवी हातोहात फिरली. बायका पोट धरून हसल्या. भावजयही हसली, करते काय! पुढच्या खेपेला ती पिशवी गॅलरीत लटकलेली दिसली. तिच्यात कपडे वाळत घालायचे चिमटे होते. तेव्हा तिच्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो काही केल्या शमला नाही.

त्यानंतर शिवायचं, उसवायचं, परत शिवायचं, हाच तिचा उद्योग. सासूबाई गेल्यावर त्यांची पेटी आवरायचं काम तिच्याकडे आलं आणि तळाशी, मलमलीत गुंडाळलेला एक मोठा भरतकामाचा रुमाल हाती लागला. शाळेतल्या शिवणाच्या तासाला केलेला असावा. फुलं वेडीवाकडी, दोऱ्याच्या गाठी वर आलेल्या आणि कोपऱ्यात लाल दोऱ्यानं लिहिलेलं, 'चिमी'. चिमी म्हणजे नणंदबाई! भावजय तिथंच, त्या पेटीशी बसून एकटीच हसली.

अभ्र्याची पुढची बाजू तिनं स्वतः भरली. मागची बाजू म्हणून तो रुमाल लावला. नावाचा कोपरा तेवढा बटणपट्टीखाली दडवला.

वाढदिवसाला तीच खोली, त्याच बायका, नणंदेची मावशीही. नणंदेनं कागद सोडला. पुढची बाजू पाहून तिची एक भुवई जराशी वर गेली. मग सवयीनं तिनं अभ्रा उलटा केला आणि तिचा चेहरा खुलला.

"पुढचं विकत आणलंस वाटतं! मागचं मात्र तुझंच, शंकाच नको. बघ गं मावशी, हातात सुई होती की फावडं?"

खोली हसली. भावजयीनं सगळ्यांना पोटभर हसू दिलं.

"मागचं माझं नाही, वन्सं. पट्टी उचलून बघा की."

नणंदेनं बटणं काढली. मावशीनं चष्मा सावरत वाकून मोठ्यानं वाचलं. "चिमी! अय्या, हे तर तुझंच गं!"

आता जो हशा उठला तो नणंदेवर. सुई होती की फावडं, हे तिचेच शब्द बायकांनी तिला परत ऐकवले. भावजयीच्या जिवाला अगदी गार गार वाटलं. पिशवीचा, चिमट्यांचा, सगळ्याचा हिशेब चुकता झाला.

नणंद हसली नाही आणि चिडलीही नाही.

"हा कुठं मिळाला तुला?"

"सासूबाईंच्या पेटीत. मलमलीत गुंडाळून ठेवला होता."

"काहीतरीच." तिनं नावावरून बोट फिरवलं. "आईनं सगळ्यांना दाखवून हसून घेतलं होतं मला. म्हणाली, ओटा पुसायला बरा आहे. मग परत कधी दिसला नाही. मला वाटलं, खरंच..."

बायकांचं हसणं एकेक करून थांबलं. कुणीतरी चहाचं बघते म्हणून उठलं, तशा बाकीच्याही उठल्या.

नणंदेनं खणातून कात्री काढली आणि अभ्रा कडेनं उसवायला घेतला.

"अहो वन्सं, हे काय?"

"मला हा एवढाच हवाय."

भावजयीनं भरलेली पुढची बाजू नणंदेच्या मांडीवरून खाली लोंबत होती. जाडजूड कात्रीचं टोक टाक्यात शिरत नव्हतं, सारखं निसटत होतं.

"किती पक्के टाके घातलेस गं," नणंद मान वर न करता म्हणाली. "सुटता सुटत नाहीत."

भावजयीच्या पर्समध्ये उसवायची बारीक कात्री होती. तिचा हात पर्सपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"सावकाश होऊ द्या, वन्सं," ती म्हणाली. "मी बसलेय."