चंद्रापासून मोजणी

कौसी ‘एक’ म्हणतच नसे. दोनपासून शंभरापर्यंत पोरगी धाडधाड जायची, पण एक म्हण म्हटलं की ओठ घट्ट. धामणगाव बढ्याच्या शाळेत भगवंतराव गुरुजींनी ओरडून पाहिलं, गूळ देऊन पाहिलं. छे! महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष उलटलं होतं, दुसरीची तोंडी परीक्षा तोंडावर आली होती, आणि कौसी नापास झाली तर आजी तिला शाळेतून काढून घरकामाला जुंपणार, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

शेवटी गुरुजी तिला घेऊन निंबाखाली बसले. “काऊन वं पोरी, एकानं तुहं काय बिघडवलं?”

कौसीचे डोळे भरले. खळ्यावर ज्वारी मापताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, तीन. यंदा शाळेतल्या सवयीनं ती मोठ्यानं ‘एक’ म्हणून गेली. त्याच संध्याकाळी तिचा बाप हिंमतराव गाडीवरून पडला आणि पाय मोडून खाटेला खिळला.

“आन् शायेत लाभ म्हटलं त सारे हासले, गुरुजी. तुमी बी.”

गुरुजी हसले होते खरे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक मिटलं. “ऐका रे! आपले जुने गणिती श्लोकात गणित लिहीत. एकाच्या जागी चंद्र, दोनाच्या जागी डोळे, तिनाच्या जागी अग्नी. अन् तिकडं ग्रीस देशातले शहाणे तर एकाला संख्याच मानत नसत, त्यांची संख्या दोनापासून! मग खळ्यावरच्या लाभाला हसायचं काय कारण? हसलो तो मी मूर्ख.”

झालं! वर्गाला ऊत आला. तीन म्हणजे चुलीचे दगड, चार म्हणजे खाटेचे पाय, पाच म्हणजे बोटं. “अन् एक?” गुरुजींनी विचारलं.

“चंद्र,” मागून कौसी बोलली.

परीक्षेला शाळा तपासणारे दिपोटीसाहेब आले. “एकापासून मोज.”

“चंद्र, दोन, तीन...”

साहेबांची भुवई चढली. “चंद्र? हे कुठलं?”

“जुने गणिती म्हनत, साहेब. आभायात दुसरा हाय का?”

साहेब खो खो हसले आणि पोरगी पास झाली.

संध्याकाळी गुरुजी पेढा घेऊन हिंमतरावाच्या खाटेपाशी गेले. “बैल बुजला म्हनून पडलो मी,” हिंमतराव म्हणाला. “हिले किती सांगतलं, ऐकतच नाई. शाया सुटली का माह्या उशाशी येऊन बसते. खेयाले बी जात नाई.”

“काऊन जाऊ?” कौसी फणकारली. “मले बाप एकच हाय!”

म्हणून गेली, आणि चटकन तोंडावर हात नेला. घाबरून तिनं बापाच्या पायाकडं पाहिलं. पाय फळ्यांत बांधलेला, होता तसाच होता. हिंमतराव गालात हसत होता.

मग तिनं हात काढला, बापाच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, “एक.”