संत्र्याची साल, गव्हाची बियर

टेबलावर चोवीस बाटल्या होत्या. आठ गव्हाच्या फिक्या बियरच्या, आठ तांबड्या, आठ काळ्या. प्रत्येकीच्या मानेवर चिकटपट्टी आणि तिच्यावर देवीदासकाकांचं अक्षर: फिकीत संत्र्याची साल आणि धने, तांबडीत आलं, काळीत भाजलेली ज्वारी.

काका अमरावतीला आमच्या कॉलेजात एकतीस वर्षं लॅब अटेंडंट होते. निवृत्तीनंतर घरीच बियर करून पाहायचे. आता रामरावशेठ आपल्या हॉटेलात स्वतःची बियर काढणार होते. कोणत्या बियरमध्ये काय घालायचं, हे ठरवायचं काम काकांना मिळणार होतं; संध्याकाळी शेठ चव घ्यायला येणार होते. मी काकांच्या मदतीला, यीस्ट तपासायला होते.

"काळीत संत्रं कावून नाई टाकत, काका?"

"भाजक्या ज्वारीपुढं संत्रं म्हंजे बँडपुढं बासरी. फिकी बियर गरीब असते, तिच्याकडं पाहुणा उठून दिसते."

त्यांनी एक फिकी उघडली. सडलेल्या अंड्यांचा भपकारा आला. मी मागे सरले. काकांनी ग्लास नाकाशी धरून डोळे मिटले.

"पाह्य पोरी, संत्रं कसं उठून राहिलं!"

मला थट्टा वाटली. त्यांनी घोट घेतला.

"काका, हे सडलं हाय!"

"तुया पुण्याहून शिकून आलेल्या नाकाले वऱ्हाडातलं संत्रं काय समजते!"

त्यांचे डोळे मिटलेलेच होते. मी फडताळातली हिंगाची डबी उघडून त्यांच्या नाकाशी नेली.

"डोळे उघडू नका. हे काय?"

काकांनी खोल श्वास घेतला.

"धने?"

माझ्या हातातून डबी पडली. आवाजाने त्यांनी डोळे उघडले, जमिनीवरचा हिंग पाहिला आणि स्टुलावर बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आंधी. भातकुलीले भावाच्या कपाशीवर औषध फवारलं. लोकं फवारता फवारता दवाखान्यात भरती होऊन राहिले होते, मजूर कोण येते? चार दिवस पंप माह्याच पाठीवर. डोळ्यांची आग थांबली. म्हटलं, नाकई परत येईन."

"मंग ह्या चोवीस?"

"ध्यानातून केल्या. तीस ग्रॅम साल, बारा ग्रॅम धने. हाताले माईत हाय."

"शेठले सांगितलं?"

"तुले तरी कुठं सांगितलं?" ते हसायला गेले, जमलं नाही. "थोडंसं उरलं असन, पोरी. मोजून सांग. उरलं असन तं शेठसमोर बसतो. नसन तं मीच त्याले नाई म्हणतो."

मी तीन कप घेतले. दोनांत पिंपात उरलेली, काहीच न घातलेली फिकी बियर, एकात तीच पण साल घातलेली. नुसत्या वासावर वेगळा कप ओळखायचा. आधी मी डोळे बांधले, काकांनी कप मांडले. पाच फेऱ्या, पाचही बरोबर. मग त्यांचे डोळे बांधले. वास न घेता बोट ठेवलं तरी तीनातून एकदा बरोबर येतंच, म्हणून तीस फेऱ्या घ्यायचं ठरवलं.

काकांनी घाई केली नाही. प्रत्येक कपावर सारखाच वेळ थांबले. कपाळावर घाम आला तो पुसला नाही. मधे एकदा म्हणाले, "हा तं पक्का." तो चुकला होता. मी उत्तर लिहिलं आणि कपांची जागा बदलली.

फेऱ्या तीस. बरोबर उत्तरं दहा.